ऑसिलोस्कोप घेऊ, थ्रीडी प्रिंटर घेऊ, की हा नादच सोडू?

एका ताईंचं पत्र आलंय. बरंच मोठं आहे, म्हणून ओळख पटेल असं सगळं काढून सार सांगतो.

ताईंची नोकरी ऑफिसातली, इलेक्ट्रॉनिक्स कधी शिकलेल्या नाहीत. मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी घरात आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) आला, प्रोजेक्ट संपला, मुलगी विसरून गेली आणि ताई त्यात अडकल्या. आता ड्रॉवरमध्ये एक उनो, दोन ईएसपी३२, एक पिको (सगळे तसलेच बोर्ड), टेंपरेचर सेट करता येणारा सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, तारेवरचे चालू-बंद सिग्नल टिपणारा ८ चॅनलचा छोटा लॉजिक अ‍ॅनालायझर आणि सेन्सरच्या न उघडलेल्या पिशव्या आहेत. पूर्ण झालेला प्रोजेक्ट मात्र एकही नाही. सध्या कुंड्यांना आपोआप पाणी घालायचं काम चालू आहे. ईएसपी३२, मातीतल्या ओलाव्याचा कपॅसिटिव्ह सेन्सर, रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच) आणि पाण्यात बुडवायचा छोटा पंप, सगळं ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता तारा खोचायची पाटी) आणि सगळं एकाच यूएसबी केबलवर. कोड बराचसा एआयकडून लिहून घेतलेला. तक्रारी तीन आहेत. पंप सुरू झाला की बोर्ड रिसेट व्हायचा, त्यावर एआयने कोडमध्ये टाकायला एक ओळ दिली, ती टाकल्यावर रिसेट थांबले पण आता बोर्ड मध्येच हँग होतो. सेन्सर एकटा चालवला तर आकडे बरोबर येतात, पूर्ण कोडमध्ये काहीच्या बाही येतात. आणि पंप बंद झाल्यावरही कुंडीत पाणी येतच राहतं, एकदा तर फरशीवर तळं झालं.

ताईंचं म्हणणं असं की ऑसिलोस्कोप (व्होल्टेज क्षणाक्षणाला कसं बदलतं ते पडद्यावर दाखवणारं उपकरण, थोडक्यात स्कोप) नाही म्हणून दोष सापडत नाहीत आणि थ्रीडी प्रिंटर नाही म्हणून काही पूर्ण झाल्यासारखं दिसत नाही. नवरा म्हणतो, "आधी आहे त्यातलं एक तरी पूर्ण कर." तर स्कोप घेऊ, प्रिंटर घेऊ, की हे आपलं काम नाही म्हणून सगळं कुणाला तरी देऊन टाकू? आणि कोड एआयचा असेल तर यात माझं असं काय आहे?

ताई,

तुमच्या पत्रात एक गोष्ट लगेच डोळ्यात भरली. स्कोपच्या मॉडेलांबद्दल तुम्ही जवळजवळ दीड पान लिहिलंय, किती मेगाहर्ट्झ, किती चॅनल, कुठला रिव्ह्यूवाला काय म्हणतो, आणि पंप नक्की कुठून जोडलाय हे एका ओळीत. टोमणा मारत नाहीये, बहुतेकांचं असंच होतं कारण मॉडेल निवडायला मजा येते आणि बिघाड शोधताना जीव जातो. पण त्यामुळे "स्कोप नाही म्हणून सापडत नाही" हे तुम्ही धरूनच चाललाय, ते खरं आहे का हे तुमच्याच तीन तक्रारींवर तपासून बघू. मग घ्यायचं की नाही यावर वेगळा वाद घालायची गरज पडणार नाही असं वाटतं.

रिसेटपासून सुरू करतो. पंप ही शेवटी मोटर आहे आणि कुठलीही डीसी मोटर सुरू होताना, म्हणजे फिरायला लागायच्या आधीच्या क्षणी, चालताना जेवढा करंट घेते त्याच्या कितीतरी पट खेचते. त्यात तुमचा पंप, रिलेची कॉइल आणि ईएसपी३२ तिघेही एकाच केबलवर आणि ब्रेडबोर्डच्या त्याच पट्टीवर बसलेत. जंपर वायर, ब्रेडबोर्डची स्प्रिंग, केबल हे सगळं मिळून समजा अर्धा ओहम रेझिस्टन्स झाला आणि पंपाने क्षणभर १ अँपिअर ओढला, तर अर्धा व्होल्ट वाटेतच गेला. ५ चे राहिले ४.५. आता बऱ्याच ईएसपी३२ बोर्डांवर जो ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर असतो (एएमएस१११७) त्याला लोड असताना स्वतःसाठी सुमारे १.१ व्होल्ट लागतात, म्हणजे ४.४ च्या खाली गेलं की तो ३.३ देऊच शकत नाही. तुम्ही बरोबर त्या कडेवर उभ्या आहात. त्याच वेळी वायफायने काही पाठवायला घेतलं तर संपलंच, वायफाय पाठवताना हा चिप एकटाच काही शे मिलिअँपिअर घेतो आणि बनवणारी कंपनी स्वतःच सांगते की सप्लाय किमान ५०० मिलिअँपिअर देणारा हवा, तो पण फक्त चिपसाठी.

आता एआयने दिलेली ती ओळ. तुम्ही पत्रात ती जशीच्या तशी उतरवून पाठवलीत हे फार बरं केलंत, कारण तिच्यात ब्राउनआऊट रजिस्टरचं नाव आहे आणि पुढे शून्य. ईएसपी३२ मध्ये एक ब्राउनआऊट डिटेक्टर असतो, व्होल्टेज ठराविक पातळीच्या खाली गेलं की तो चिपला रिसेट करतो, कारण अर्धवट व्होल्टेजवर प्रोसेसर चालू ठेवण्यापेक्षा बंद करून परत सुरू करणं सुरक्षित. त्या ओळीने तो डिटेक्टर बंद होतो. ताप दिसतो म्हणून थर्मामीटर फोडल्यासारखं झालं हे. व्होल्टेज अजूनही पडतंच आहे, फक्त आता चिप तशाच अवस्थेत चालत राहतो, फ्लॅशमधून वाचताना चुकतो, आणि तुम्हाला ते हँग म्हणून दिसतं. आणि हँग नेमका पंप चालू असताना झाला तर पंप बंद कोण करणार? ती ओळ आज काढा. रिसेट परत सुरू होतील, होऊ द्या, रिसेटमधून निदान काहीतरी कळत होतं.

काढल्यावर सिरियल मॉनिटर (बोर्डाचे मेसेज संगणकावर दाखवणारी खिडकी) ११५२०० या वेगावर उघडा आणि पंप चालू करा. जर "ब्राउनआऊट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड" असा मेसेज आला तर दोष सापडला, बोर्डाने स्वतःच्या तोंडाने सांगितला. शिवाय बोर्ड सुरू होताना शेवटचा रिसेट का झाला हे विचारायचं फंक्शन ईएसपी३२ मध्ये आहे, ते सेटअपच्या सुरुवातीलाच टाकून उत्तर प्रिंट करा आणि ती ओळ कायम ठेवा, प्रोजेक्ट पूर्ण झाल्यावरही, पुढे कधी रात्री काही झालं तर सकाळी कारण समोर असेल.

मल्टिमीटरवर हे का दिसलं नाही असं तुम्ही विचारलंय. कारण साधा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो आणि हा खड्डा काही मिलिसेकंदांचा असतो, मीटर दाखवतो ते आजूबाजूचं सरासरी, ४.९ वगैरे, आणि आपण म्हणतो सप्लाय तर ठीक आहे. इथे स्कोपने चित्र दिसलं असतं, हे मान्य करायलाच हवं. म्हणजे तुमची इच्छा अगदीच अस्थानी नाही. पण चित्र न बघताही उत्तर मिळतं. पंपाला वेगळा सप्लाय द्या, दुसरा मोबाइल चार्जर चालेल, आणि बाकी काहीही बदलू नका. रिसेट थांबले तर कारण सप्लाय. थांबले नाहीत तर सप्लायवरचा संशय बराच कमी झाला, मग मोटरचा आणि रिलेचा नॉइज बघायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे पाळलं की निम्मी उपकरणं लागत नाहीत. (तुमच्याकडे रिले आहे म्हणून पंपाच्या बाजूचा ग्राउंड बोर्डाला जोडायची गरज नाही, रिलेचे कॉन्टॅक्ट वेगळेच असतात. उद्या रिलेऐवजी मॉसफेट, म्हणजे स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर, लावलात तर मात्र ग्राउंड कॉमन करावाच लागेल, तिथे लोक हमखास अडकतात. आणि मॉसफेट घेताना तो आयआरएफ५२० वाला तयार मॉड्युल नका घेऊ, त्याची डेटाशीट (बनवणाऱ्याचं माहितीपत्रक) गेटला, म्हणजे चालू-बंद करणाऱ्या पिनला, १० व्होल्ट धरून लिहिलीय, ३.३ मध्ये तो धड चालू होत नाही. लॉजिक लेव्हल असं लिहिलेला घ्या आणि ३.३ ला किती चालू होतो ते डेटाशीटमध्ये बघून घ्या.)

हे झालं की पक्कं काम: पंपाचा सप्लाय कायमचा वेगळा, पंपाच्या दोन टोकांवर उलटा डायोड, १एन४००७ चालतो, डायोडवरच्या पट्टीची बाजू प्लसला, बोर्डाच्या ५ व्होल्टजवळ ४७० किंवा १००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, पोलॅरिटी बघून. आणि सगळं ब्रेडबोर्डवरून उचलून झिरो बोर्डवर (भोकं असलेली कोरी पाटी) सोल्डर करा, तारांसाठी स्क्रू टर्मिनल लावा. ब्रेडबोर्ड हा विचार करायला असतो, महिनोन् महिने पाण्याशेजारी राहायला नसतो. सोल्डरिंग आयर्न तुमच्याकडे चांगला आहे, ६३/३७ ची वायर १८३ अंशाला वितळते, टोक ३२० ते ३५० वर ठेवा, खिडकी उघडी ठेवा, त्या वायरमध्ये शिसं असतं म्हणून नंतर हात धुवा.

दुसरी तक्रार, सेन्सरची. ही मला सगळ्यात आवडली कारण यात तुमचं निरीक्षण अचूक आहे, तुम्ही स्वतः लिहिलंय की "एकटा चालवला तर बरोबर." पूर्ण कोडमध्ये काय जास्त आहे? वायफाय. आणि सेन्सर कुठल्या पिनवर आहे? ४ नंबरवर. मूळ ईएसपी३२ मध्ये अ‍ॅनालॉग वाचायचे दोन गट आहेत, एडीसी१ आणि एडीसी२, आणि दुसरा गट वायफाय स्वतः वापरतो. ४ नंबरची पिन दुसऱ्या गटातली. वायफाय चालू असताना तिथलं अ‍ॅनालॉग रीडिंग धरायचं नाही, हे कंपनीच्या कागदपत्रात स्पष्ट लिहिलंय. सेन्सरची तार ३२ ते ३९ मधल्या एखाद्या पिनवर न्या, ३४ घ्या हवी तर, ती फक्त इनपुटसाठीच असते म्हणून सेन्सरला छान. कोडमध्ये एक आकडा बदला. झालं. इथे हजार मेगाहर्ट्झचा स्कोप लावला असता तरी त्याने सेन्सरमधून येणारं व्होल्टेज व्यवस्थित आहे एवढंच दाखवलं असतं, कारण ते व्यवस्थितच होतं.

आणि तिसरी. पंप बंद, रिलेचा दिवा बंद, तरी पाणी येतंय, तुम्ही लिहिलंय रिले चिकटला असणार, तीन रिले बदलून झाले. ताई, तुमची पाण्याची बादली कुंड्यांच्या वरच्या फळीवर आहे ना? नळीचं दुसरं टोक खाली कुंडीत? मग पंपाने एकदा नळी भरून दिली की पुढचं काम गुरुत्वाकर्षण करतं, बादली रिकामी होईपर्यंत. सायफन. खात्री करायची असेल तर पाणी येत असताना पंपाची तार हाताने काढून टाका, तरी येत राहिलं तर रिलेचा काही दोष नाही. बादली कुंड्यांच्या खाली ठेवा, किंवा नळीचं कुंडीतलं टोक बादलीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर बांधा, किंवा नळीला सगळ्यात उंच जागी, बादलीच्या बरोबर वर, बारीक भोक पाडा म्हणजे पंप बंद होताच हवा शिरून धार तुटेल, आणि पंप चालताना तिथून उडणारं थोडं पाणी परत बादलीतच पडेल. आणि बादली लहान ठेवा. कोडमध्ये पंप जास्तीत जास्त किती सेकंद चालेल याची मर्यादा घालालच, घालायलाच हवी, पण कोड चुकला तरी जेवढं बादलीत आहे तेवढंच फरशीवर येईल ही मर्यादा कोडपेक्षा भरवशाची.

तर तीन दोष. एक सप्लायचा, एक पिन निवडण्याचा, एक पाण्याचा. स्कोपने यातला एक दाखवला असता. आणि मला भीती अशी वाटते की स्कोप आला असता, तुम्ही तो शिकण्यात दोन महिने घातले असते, पाणी वाहतच राहिलं असतं, आणि मग तुम्ही म्हणाला असतात की बहुतेक भारीतला स्कोप हवा.

म्हणून घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. ज्याला ऑडिओ करायचंय, मोटर कंट्रोल करायचाय, स्वतःचा पॉवर सप्लाय बनवायचाय त्याला स्कोपशिवाय चालत नाही, तो अंधारात चाचपडत बसेल. फक्त घ्यायच्या आधी एका चिठ्ठीवर एक वाक्य लिहा, की हे उपकरण माझ्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे जे आत्ता घरात असलेल्या कशानेही मिळत नाही. "कामाला येईल" हे उत्तर धरायचं नाही, कामाला सगळंच येतं. "पीडब्ल्यूएमने (झटपट चालू-बंद करून) मोटर चालवली की सप्लायवर किती रिपल, म्हणजे चढउतार, येतो ते बघायचंय" हे उत्तर आहे. असं वाक्य लिहिता आलं की कुठलं मॉडेल हेही निम्मं ठरतं, कारण प्रश्नात वेग असतो. तुमचा पंपाचा खड्डा मिलिसेकंदांचा, त्याला किट म्हणून मिळणारा २०० किलोहर्ट्झचा खेळण्यातला स्कोपसुद्धा पुरला असता. उलट एसपीआयच्या (चिपांनी एकमेकांशी बोलायची एक पद्धत) काही मेगाहर्ट्झच्या क्लॉकच्या कडा बघायच्या असतील तर तो काही कामाचा नाही, तिथे ५० मेगाहर्ट्झच्या पुढचाच बघावा, सिग्नलच्या निदान पाचपट बँडविड्थ असावी असा अंदाज लोक धरतात. आणि एखादी फॅब लॅब, मेकरस्पेस किंवा ओळखीच्या कॉलेजची लॅब असेल तर एक संध्याकाळ तिथे जाऊन स्कोप वापरून या, चिठ्ठीवरचा प्रश्न घेऊन जा, नुसतं बघायला नको.

एवढं मात्र कधीही विसरू नका, टेबलावरच्या स्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप बहुतेक वेळा थेट घरातल्या अर्थिंगला जोडलेली असते. मेनच्या वायरिंगवर, स्वस्त चार्जर उघडून त्याच्या आत, असलं कुठेही ती क्लिप लावायची नाही. या एका गोष्टीत "करून बघू" चालत नाही.

प्रिंटरबद्दल माझं मत जरा कडक आहे, आवडणार नाही कदाचित. थ्रीडी प्रिंटर हे इलेक्ट्रॉनिक्सचं हत्यार कमी आणि दुसरा छंद जास्त आहे. आताचे प्रिंटर पूर्वीपेक्षा खूप शहाणे झालेत, बेड स्वतः लेव्हल करतात, ते खरंय, पण डिझाइन तुम्हालाच करावं लागतं, आणि एका डब्यासाठी कॅड (संगणकावर डिझाइन करणं) शिकायला घेतलं की कुंड्या परत मागे पडणार. शिवाय तुमचा डबा उन्हात राहणार आणि सगळे जे पहिल्यांदा वापरतात ते पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंशाला मऊ पडायला लागतं, बंद डबा उन्हात किती तापतो ते तुम्हाला माहितीये. त्यापेक्षा वायरिंगसाठी मिळणारा तयार प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स घ्या, ड्रिलने भोकं पाडा, तारांना केबल ग्लँड लावा. सुंदर नाही दिसणार. पण पाणी आत जाणार नाही, आणि मला विचाराल तर काम करणारा कुरूप डबा बघायला जे समाधान आहे ते वेगळंच.

आता इथे मला तुम्हाला जरा अवघड प्रश्न विचारायचाय. "पूर्ण" म्हणजे तुमच्या डोक्यात नक्की काय आहे? पत्रावरून वाटतं की व्हिडिओत दिसतो तसा, गुळगुळीत डबा, आत स्वतःचा छापून घेतलेला पीसीबी (सर्किटची पाटी), मोबाइलवर ग्राफ. ते प्रॉडक्ट झालं ताई. प्रोजेक्ट पूर्ण म्हणजे तुम्ही चार दिवस घरात नसाल आणि झाडं जगतील. ग्राफ नसला तरी जगतील. ओएलईडीचा छोटा स्क्रीन नसला तरी. खरं तर पहिल्या आवृत्तीतून वायफायसुद्धा काढून टाका असं मी म्हणेन, निम्मे त्रास त्याच्यासोबत जातील, माती कोरडी की पंप दहा सेकंद, मग अर्धा तास थांब, बस. ती आवृत्ती महिनाभर चालू द्या. मग वाटलं तर वायफाय जोडा, आणि तेव्हा काही बिघडलं तर कशामुळे बिघडलं हे आपोआप माहीत असेल.

दुसरी शक्यता पण बोलून टाकतो. कदाचित तुम्हाला वस्तू पूर्ण करण्यात रसच नसेल. काही लोकांना नवीन बोर्ड उघडून, एक एलईडी लुकलुकवून, त्याची डेटाशीट चाळून खरंच आनंद होतो आणि तेवढ्यावर त्यांचं भागतं. काही लोकांना हत्यारं जमवायला आवडतात, नीट लावून ठेवायला आवडतात. यात काहीही वाईट नाही, फक्त आपला छंद यातला कुठला ते कळलं पाहिजे, नाहीतर एका छंदावर खर्च करायचा आणि दुसरा जमत नाही म्हणून स्वतःला नावं ठेवायची असं चालू राहतं. तुमच्या बाबतीत मला नाही वाटत तसं, कारण ज्याला नुसतं जमवायचं असतं तो सेन्सर एकटा चालवून बघत नाही. पण ते तुम्हीच ठरवायचं.

नवऱ्याचं म्हणाल तर ते बरोबरच बोलतायत असं मला वाटतं, आणि पत्रात तुम्ही त्यांचं वाक्य ज्या रागाने लिहिलंय त्यावरून तुम्हालाही ते पटलेलं दिसतंय. ते घेऊ नको म्हणाले नाहीत. त्यांना बिघाड शोधायला सोबत घ्या, सायफनचा प्रयोग दोघांनी मिळून करण्यासारखा आहे, त्याला इलेक्ट्रॉनिक्स लागत नाही. मुलगीही येईल कदाचित.

एआयचं. कोड त्याने लिहिला म्हणजे प्रोजेक्ट तुमचा नाही असं मी मानत नाही. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेया गावात आर्डुइनो सुरू झाला तोच मुळी डिझाइनच्या विद्यार्थ्यांना चिपच्या पोटात न शिरता काहीतरी बनवता यावं म्हणून. डिजिटलराइट (पिन चालू-बंद करायची आर्डुइनोची आज्ञा) लिहिताना मागे कुठलं रजिस्टर हलतं ते आपल्यापैकी किती जण बघतात? तेव्हा कोड कुणी टाइप केला हा प्रश्न सोडा, तो का चालतो हे तुम्हाला सांगता येतं का हा प्रश्न धरा. ब्राउनआऊटची ओळ तुम्ही का चालते ते न विचारता टाकलीत, तिथे गडबड झाली. पुढच्या वेळी त्याला "रिसेट थांबव" म्हणू नका. "रिसेट कशाकशामुळे होऊ शकतो आणि प्रत्येक कारण मी घरी कसं तपासू" असं विचारा, याला तो बरीच चांगली उत्तरं देतो. पिन नंबर, व्होल्टेज आणि करंट, हे तीन प्रकारचे आकडे त्याच्यावर विश्वास ठेवून कधीच घेऊ नका, डेटाशीट उघडून बघा, तो ते अत्यंत आत्मविश्वासाने चुकवतो. आणि त्याला वायरिंगचं काहीच माहीत नसतं हे लक्षात असू द्या, तुमची बादली वरच्या फळीवर आहे हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कसं कळणार.

सिम्युलेटर वापरू का असंही विचारलंयत. वोक्वी आहे ना, ब्राउझरमध्ये ईएसपी३२ चालवून बघता येतो, कोडचं लॉजिक तपासायला झकास, अर्धा तास थांबायचं कोड बरोबर आहे का हे तिथे वेळा कमी करून पटकन कळेल. पण तिथला सप्लाय कधी पडत नाही आणि तिथल्या तारांना रेझिस्टन्स नसतो. म्हणजे तुमच्या तीन दोषांपैकी पहिला आणि तिसरा तिथे जन्मात दिसणार नाही. "सिम्युलेटरमध्ये चालतं पण टेबलावर चालत नाही" असं झालं की कोड सोडा आणि तारा बघा.

राहिलं ड्रॉवरचं. देऊन टाकू नका अजून. न उघडलेल्या पिशव्या मात्र एका डब्यात भरून माळ्यावर टाका, हाताशी असल्या की मन तिकडे धावतं. लॉजिक अ‍ॅनालायझर ठेवा, तो तुम्ही कधी वापरला नाही असं लिहिलंय पण पुढे ओएलईडी जोडाल आणि तो काही दाखवणार नाही तेव्हा तो लागेल. आधी आयटूसी स्कॅनर (आयटूसीच्या दोन तारांवर काय काय जोडलंय ते शोधणारा छोटा प्रोग्राम) चालवायचा, ३सी असा पत्ता दिसला तर वायरिंग ठीक, नाही दिसला तर पल्सव्ह्यू हे फुकट सॉफ्टवेअर टाकून त्या दोन तारांवर काय चाललंय ते अ‍ॅनालायझरने बघायचं, क्लॉक तरी हलतोय का. फक्त त्याआधी ती रिसेटचं कारण प्रिंट करणारी ओळ टाका आणि काय छापून आलं ते मला कळवा. पंप वेगळ्या चार्जरवर टाकून तरीही रिसेट होत असेल तर रिलेच्या तारा आणि बोर्ड यांचा एक फोटो पण पाठवा, वरून काढलेला, तारा कुठून कुठे गेल्यात ते दिसेल असा.